मटणाच्या ओंडक्यावर थरथरणारी पट्टी आणि स्नायूपेशीतली ने-आण

फुटाळ्याचा बगळा | शनिवार, सकाळी ७.१०

लहानपणी रविवारी बाबांसोबत मटण आणायला नागपूरच्या महाल भागात जायचो. पिशवी धरणं एवढंच माझं काम. दुकानदार मांडीचा तुकडा ओंडक्यावर टाकायचा आणि सुरी लागायच्या आधीच त्यातली एखादी पट्टी थरथरायची. थांबायची, परत थरथरायची. बकऱ्याचं मुंडकं तिकडे परातीत. मी बाबांना विचारलं, "याला आता कोण सांगून राहिलं हलायला?" बाबा म्हणाले, "ताजं आहे म्हणून." आणि पैसे मोजायला लागले.

पुढे बावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. फळ्यावर दरवर्षी तेच वाक्य: मायटोकॉन्ड्रिया हे पेशीचं ऊर्जाघर. मुलं मुकाट्यानं उतरवून घ्यायची. मागच्या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, ऊर्जाघर कोराडीला आहे, पंखा आमच्या घरी. मधे तार आहे. पेशीत तार कुठंय?" वर्ग हसला, घंटा झाली, मी सुटलो. तिला तेव्हा न दिलेलं उत्तर इथं लिहितो आहे.

आधी मापं बघू. आपल्या स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच पेशी. जाडी साधारण ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे केसाहून जरा बारीक. लांबी मात्र मांडीच्या काही स्नायूंत वीतभरसुद्धा. म्हणूनच एका पेशीत शेकडो केंद्रकं असतात, एकाला एवढा पसारा झेपत नाही. आत मायक्रॉनभर जाडीच्या शेकडो तंतुका एकमेकींना खेटून बसलेल्या. त्यांच्यामधल्या फटींत मायटोकॉन्ड्रिया, ग्लायकोजेनचे (म्हणजे साठवलेल्या साखरेचे) कण आणि कॅल्शियम साठवणाऱ्या जाळीदार पिशव्या. दिवाळीच्या आदल्या रविवारी सीताबर्डीच्या मेन रोडवर जेवढी मोकळी जागा असते, तेवढीच इथं.

या गर्दीत एटीपीचा, म्हणजे पेशीत ऊर्जा पोचवणारा, रेणू चालतो कसा? तो चालतच नाही, धक्के खातो. भोवतालचं पाणी त्याला इकडून तिकडून ढकलतं आणि तो कुठेतरी जाऊन पडतो. यालाच पाठ्यपुस्तकात विसरण म्हणतात. फिकनं १८५५ साली त्याचा नियम मांडला, आइन्स्टाइननं १९०५ साली धक्क्यांचं गणित सोडवलं. त्यात एक मेख आहे. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट.

आकडे घालून बघा. स्नायूच्या आत एटीपीचा विसरणांक सेकंदाला ३०० चौरस मायक्रॉनच्या आसपास धरू. एक मायक्रॉन सरकायला अर्धी मिलिसेकंद पुरते. तंतूची जाडी, ५० मायक्रॉन, ओलांडायला साधारण दीड सेकंद. एका मिलिमीटरला नऊ मिनिटं. आणि दहा सेंटिमीटरला दोन महिने! मांडीच्या वरच्या टोकाहून पोळ्याला निघालेला रेणू खाली दिवाळीला पोचणार. तेवढ्यात आपण कितीदा जिने चढून उतरलो असतो.

तर जवळच्या पल्ल्याला विसरणासारखी फुकटची आणि झटपट सोय नाही, आणि लांबच्या पल्ल्याला ते अगदीच कुचकामी. स्नायूपेशीची सगळी मांडणी मला या एका गोष्टीवरून उलगडत जाते. लांब न्यायचंच नाही, जिथं लागतं तिथंच ठेवायचं. आकुंचन जिथं होतं त्याच्या मायक्रॉनभर अंतरावर मायटोकॉन्ड्रिया. कॅल्शियमची पिशवी प्रत्येक तंतुकेभोवती गुंडाळलेली. ग्लायकोजेनचे कण तर तंतुकांच्या आतसुद्धा.

यातला एक किस्सा मला फार आवडतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञानं साधा हिशोब केला. बेडकाच्या स्नायूला विजेचा झटका पेशीच्या पृष्ठभागावर बसतो. मग 'आकुंचन पाव' हा निरोप घेऊन एखादा रेणू पृष्ठभागावरून आत विसरत जात असेल, तर मधल्या भागाला निरोप पोचायला किती वेळ लागेल? उत्तर आलं ते प्रत्यक्षातल्या वेगाच्या मानानं फारच मोठं. बेडकाची उडी तोवर होऊन गेलेली. म्हणजे निरोप विसरणानं जात नाही, दुसरी काहीतरी वाट असली पाहिजे. १९५८ मध्ये अँड्र्यू हक्सली आणि रॉबर्ट टेलर यांनी अतिबारीक पिपेट तंतूच्या पृष्ठभागावर टेकवून जागोजाग हलका झटका देऊन पाहिला. बहुतेक ठिकाणी काहीच होईना. ठरावीक अंतरावरच्या ठरावीक बिंदूंवर मात्र तेवढाच भाग आत ओढला जाई. तिथं पृष्ठभागाची बारीक नळी पेशीच्या पोटात शिरते. आज तिला टी-नलिका म्हणतात. गंमत म्हणजे इटलीत वेराती नावाच्या माणसानं १९०२ मध्येच या नळ्यांची चित्रं काढून ठेवली होती. कुणी लक्ष दिलं नाही, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर त्या परत 'सापडल्या'.

थोडक्यात, झटका विजेच्या वेगानं नळीतून आत जातो, नळीच्या अंगाला लागून असलेली पिशवी आकुंचन सुरू करणारं कॅल्शियम सोडते आणि त्या कॅल्शियमला शेवटचा मायक्रॉनभर पल्लाच काय तो विसरत जायचा असतो.

ओंडक्यावरच्या पट्टीचं तेच. तिला ना मेंदू लागतो ना रक्त. प्रत्येक तंतूजवळ स्वतःचा साठा आणि स्वतःची यंत्रणा असते. कापलेल्या टोकाशी थोडं कॅल्शियम सुटलं, शिल्लक एटीपी हाताशीच होतं, पट्टी थरथरली.

एटीपी संपतं कधी, हा पुढचा प्रश्न. पूर्ण जोर लावला तर स्नायूतला साठा जेमतेम दोन सेकंदांचा. तरी मोजायला गेलं तर धावणाऱ्याच्या पायात एटीपी फारसं उतरलेलं दिसत नाही. उतरतं ते फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन. ते १९२७ साली दोन ठिकाणी सापडलं. लंडनकडे एगल्टन दांपत्याला आणि अमेरिकेत हार्वर्डला फिस्के व सुब्बाराव यांना. सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

फॉस्फोक्रिएटिन म्हणजे मला इतवारी बाजारातली हुंडी वाटते. रोकड घेऊन गावोगाव फिरायचं नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या दारात एटीपी आपला फॉस्फेट क्रिएटिनकडे जमा करतो, दुसऱ्या टोकाला तंतुकेजवळ क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम तीच हुंडी वटवून जागच्या जागी एटीपी बनवून देतं. हे एन्झाइम तंतुकेच्या प्रत्येक घराच्या मधोमध, एम-रेषेवर बसलेलंच असतं, ओढायचं काम करणाऱ्या मायोसिन या प्रथिनाच्या अगदी शेजारी.

तर मुलीला उत्तर असं: पेशीत तार नाही. गल्लोगल्ली छोटे जनरेटर आहेत आणि हुंड्या आहेत. चुकत असेल तर सांगा.

---

सावजी रस्सा | शनिवार, ८.०५

बगळेभाऊ, सकाळी सकाळी मटणाचं वाचून भूक लागली ना राजा! एक गोष्ट सांगा. आमच्याकडे वीस वर्षांचा अनुभव आहे, ताजं मटण लगेच फ्रिजमधी टाकलं की ते चामडं होते. किती बी शिजवा. आणि तेच तीन-चार तास बाहेर झाकून ठेवून मंग आत टाकलं तर तेवढं होत नाही. आमच्या मामी म्हणतात फ्रिजची हवा लागते. काय हवा लागते?

---

फुटाळ्याचा बगळा | शनिवार, ८.४०

मामींचं निरीक्षण शंभर टक्के खरं, कारण हवा नाही. याला शीत-आकुंचन म्हणतात. १९६३ मध्ये न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड यांनी दाखवलं होतं. तिथून गोठवलेलं मांस जगभर जायचं, त्यामुळे चामडं होणं त्यांना परवडणारं नव्हतं.

ताज्या मांसात एटीपी अजून शिल्लक असतं. अशात ते झपकन थंड केलं, दहा अंशांच्या खाली नेलं, की कॅल्शियमच्या पिशव्यांना आपलं कॅल्शियम धरून ठेवणं जमत नाही. ते बाहेर गळतं, परत आत ओढणारे पंप थंडीनं मंदावलेले. कॅल्शियमही आहे आणि एटीपीही आहे, म्हणजे स्नायू आवळणारच. हाडापासून सुटलेला तुकडा असेल तर धरून ठेवायला कुणी नाही, आखडतच जातो. मग तसाच आखडलेला ताठतो. लाल स्नायूंत हे जास्त होतं, म्हणून चिकनच्या छातीपेक्षा मटणाला त्रास जास्त.

नेहमीचं ताठणं वेगळं. काही तासांत एटीपी संपतं. मायोसिनचं डोकं शेजारच्या ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्याला धरून ओढतं, पण सोडायला त्याला नवं एटीपी लागतं. ते नसलं की धरलेलं तसंच राहतं. आपल्याला वाटतं ऊर्जा ताणायला लागते. खरं म्हणजे सोडायलाही लागते. पुढे एन्झाइम हळूहळू तंतुकांची वीण उसवतात आणि मांस मऊ पडतं.

नागपूरच्या मे महिन्यात 'तीन-चार तास बाहेर' हे मात्र कुणी शब्दशः घेऊ नका. पोट बिघडेल.

---

सावजी रस्सा | शनिवार, ८.४४

म्हणजे मामी बरोबर. हेच तर पाहिजे होतं. स्क्रीनशॉट पाठवून राहिलो.

---

गौळाऊ | शनिवार, ९.३०

मस्त लेख. मी रोज सकाळी सेमिनरी हिल्सचा चढ पळतो. साधारण अर्ध्या चढावर पाय असे होतात की जणू कुणी सिमेंट ओतलं. सगळे म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलं. जिमवाला म्हणतो दुसऱ्या दिवशी दुखतं ते पण तेच ॲसिड, आणि क्रिएटिन घे. मी पूर्ण शाकाहारी. घेऊ का?

---

स्टेथोस्कोप विकणे आहे | शनिवार, ११.१५

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून दोन शब्द.

गौळाऊ, दुसऱ्या दिवशीचं दुखणं लॅक्टिक ॲसिडचं नाही. व्यायामानंतर तासाभरात लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) पूर्वपदावर येतं, दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं. हिशोब जुळत नाही. ते दुखणं स्नायू ताणला जात असताना जोर लावल्यानं झालेल्या बारीक इजांचं आणि त्यानंतरच्या दाहाचं. म्हणून चढताना नव्हे, उतरताना पळालेल्याचे पाय जास्त धरतात. करून बघा.

लॅक्टेट म्हणजे कचराही नाही. एका तंतूतून बाहेर पडलेलं लॅक्टेट शेजारचा लाल तंतू किंवा हृदय इंधन म्हणून वापरतं, काही यकृतात जाऊन परत ग्लुकोज बनतं.

अर्ध्या चढावरचं सिमेंट हे बऱ्याच गोष्टींचं मिश्रण. फॉस्फोक्रिएटिन फुटून साचलेला मोकळा फॉस्फेट हा त्यातला मोठा गुन्हेगार. दोन-तीन तासांच्या दमछाकीत आणखी एक गोष्ट होते, ती बगळेबुवांच्या मुद्द्याला धरून आहे. ग्लायकोजेन पेशीत तीन ठिकाणी असतं: कडेला, तंतुकांच्या मधे आणि तंतुकांच्या आत. आतला हिस्सा लहानच. पण स्कीपटूंच्या हातांच्या स्नायूंत असं दिसलं की हा आतला हिस्सा संपत आला की कॅल्शियम सोडणं मंदावतं, बाकी ठिकाणी ग्लायकोजेन शिल्लक असलं तरी. कोठार भरलेलं, पण चुलीजवळचा डबा रिकामा.

क्रिएटिन: रोज ३ ते ५ ग्रॅम घेतलं तर तीन-चार आठवड्यांत स्नायूतला साठा भरतो. शाकाहाऱ्यांचा साठा मुळात कमी असतो, त्यामुळे फरक जाणवायची शक्यता जास्त. वजन थोडं वाढेल, ते पाणी. आणि रक्त तपासलंत तर क्रिएटिनिन जरा वर दिसेल, कारण क्रिएटिनचा काही टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर उगाच किडनीची धावपळ होईल. किडनीचा त्रास आधीपासून असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. चढाच्या शर्यतीला फार उपयोग होईल असं मला वाटत नाही, दहा-वीस सेकंदांच्या जोराला होईल.

आता बगळेबुवा, तुमच्याकडे. लेख आवडला, पण हुंडीवर माझा आक्षेप आहे. १९९३ मध्ये स्नायूतलं क्रिएटिन कायनेज काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. हुंडी बंद, तर बाजार बंद पडायला हवा होता. उंदीर जिवंत राहिले, हिंडले-फिरले. पहिल्या झटक्याचा जोर तेवढा गेला. मग हुंडी वाहतुकीची म्हणायची की नुसती गल्ल्यातली शिल्लक? आणि तुमच्याच हिशोबानं मायक्रॉनभर जायला अर्धी मिलिसेकंद लागते. एवढ्या अंतराला हुंडी कशाला, रोकडच नेता येते.

---

इतवारीचा | शनिवार, १२.२०

आमचे आजोबा हुंडीवर धंदा करायचे, म्हणून मधे पडतो. हुंडी फक्त लांबच्या गावाला लागते असं नाही भाऊ. इतवारीतून गांधीबागेत सुद्धा चिठ्ठी चालायची. कारण अंतर नाही. कारण रोकड थोडी आणि देवघेव लय. ज्याच्याजवळ रोकड कमी त्याचा गल्ला अडतो, अंतरानं नाही अडत.

---

फुटाळ्याचा बगळा | शनिवार, १.५०

इतवारीचा, तुम्ही तर माझं उत्तरच लिहून टाकलंत!

डॉक्टर, नेमकं तेच. विसरणानं किती माल जाईल हे अंतरावर ठरतं, तसंच दोन टोकांच्या संहतीत फरक किती त्यावरही. एटीपी पेशीत पुष्कळ आहे, लिटरला पाच ते आठ मिलिमोल. त्याला मायटोकॉन्ड्रियाकडून तंतुकेकडे जायला अडचण नाही. अडचण परतीची. वापरलेलं एटीपी एडीपी होतं आणि मोकळं एडीपी पेशीत नावालाच असतं, लिटरला दहा-वीस मायक्रोमोल. एवढीशी चीज परतीला निघाली तर माल जाणार किती? आणि एडीपी साचू दिलं तर मायोसिनची पकड सुटायला उशीर होतो. क्रिएटिन मात्र मिलिमोलमध्ये आहे. परतीचा फेरा ते करतं. म्हणजे माझी हुंडी जायच्या वाटेपेक्षा यायच्या वाटेची. लेखात मी ते उलटं लिहिलं, मान्य.

तुमच्या उंदरांबद्दल: त्यांच्या स्नायूंत नंतर काय आढळलं तेही सांगा ना. तंतुकांच्या मधल्या मायटोकॉन्ड्रिया वाढलेल्या होत्या. हुंडी बंद झाली तर त्या उंदरांनी ऊर्जाघरंच आणखी जवळ आणली. मला तर हा माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो.

---

स्टेथोस्कोप विकणे आहे | शनिवार, ४.३५

हे खरं, वाढलेल्या होत्या. आक्षेप अर्धा मागे.

अर्धाच, कारण जागेचं महत्त्व सिद्ध करायला तुमच्याकडे याहून चांगला पुरावा हवा. उंदीर जुळवून घेतो, त्यावरून काहीही म्हणता येतं.

---

फुटाळ्याचा बगळा | शनिवार, ९.१५ रात्री

आहे. माशी.

फळमाशीच्या उडण्याच्या स्नायूत ग्लुकोज फोडणारी एन्झाइमं तंतुकेच्या प्रत्येक घराच्या टोकांच्या झेड-चकतीवर आणि मधल्या एम-रेषेवर ओळीनं बसलेली असतात, एकाचा माल दुसऱ्याच्या हातात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्यांतल्या एका एन्झाइमचं जागेवर बसणारं रूप काढून घेतलं. उरलेल्या रूपाची शेपटी वेगळी असल्यामुळे ते जागेवर बसेना, आणि त्याच्यासोबत बाकीची मंडळीही उठली. लक्षात घ्या, एन्झाइमं सगळी होती आणि ती कामही करत होती. परीक्षानळीत घेतली तर रासायनिक क्रिया व्यवस्थित. फक्त पेशीत ती ठरल्या जागी नव्हती. त्या माश्यांना उडता येईना.

यादी पूर्ण, हजेरी पूर्ण, बसायच्या जागा बदलल्या, एवढंच. शिक्षक म्हणून मला हे चांगलंच कळतं.

---

सासर नागपूर | शनिवार, १०.०२ रात्री

वाचतेय. मटणाचे उल्लेख गाळून. मुलीला (सातवी) वाचून दाखवलं, तिनं विचारलं की ऑक्सिजनचं काय? तो पण धक्के खातच जातो का? रक्त तर पेशीच्या आत जात नाही.

---

स्टेथोस्कोप विकणे आहे | रविवार, ७.३०

मुलीला शाबासकी. हो, धक्के खातच. केशवाहिन्या तंतूच्या बाहेरून जातात, आतलं शेवटचं अंतर ऑक्सिजनला विसरूनच कापावं लागतं. याचं गणित डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रॉगनं मांडलं, त्याला १९२० चं नोबेल मिळालं. पाण्यात ऑक्सिजन विरघळतो थोडाच, म्हणून स्नायूत मायोग्लोबिन असतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं, आणि धरलेल्या ऑक्सिजनसकट स्वतःही सरकतं. कोंबडीची तंगडी लाल आणि छाती पांढरी का, तर कोंबडी दिवसभर चालते आणि उडते क्वचित. कबुतराची छाती गडद असते. मटण धुताना निघणारं लाल पाणी बव्हंशी रक्त नसून हेच असतं. (सासर नागपूर, माफ करा.)

पण १९९८ मध्ये मायोग्लोबिन नसलेले उंदीरही बनवले, आणि तेही धावले! नंतर कळलं की त्यांच्यात केशवाहिन्या वाढल्या होत्या. परत अंतर कमी केलं. बगळेबुवा, हा घ्या तुमच्या बाजूचा आणखी एक उंदीर.

कीटकांनी तर ऑक्सिजनसाठी रक्ताची भानगडच ठेवली नाही. त्यांच्या हवेच्या नळ्या उडण्याच्या स्नायूच्या तंतूत खोल घुसतात, मायटोकॉन्ड्रियापर्यंत. हवेतून ऑक्सिजन पाण्यापेक्षा जवळपास दहा हजारपट वेगानं विसरतो.

आणि आता तुमच्या त्या विद्यार्थिनीसाठी. 'पेशीत तार नाही' हे वाक्य तुम्हाला दुरुस्त करावं लागेल. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूतल्या मायटोकॉन्ड्रियाचं त्रिमितीय चित्र काढलं. पुस्तकात असते तशी सुटी सुटी घेवड्याच्या दाण्यांची गर्दी नव्हती. कडेपासून आतपर्यंत जोडलेलं जाळं होतं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलावर विजेचा दाब असतो, त्यावरच एटीपी बनतं. त्यांनी प्रकाशानं एका भागातला दाब पाडला, तर प्रकाश न पडलेल्या भागातलाही दाब पडला. म्हणजे कडेला, जिथं केशवाहिनी जवळ आणि ऑक्सिजन भरपूर, तिथं दाब तयार करायचा आणि आत, जिथं काम, तिथं तो वापरायचा. मधे रेणू कुठला न्यायचाच नाही.

कोराडी ते पंखा. तारेसकट.

---

फुटाळ्याचा बगळा | रविवार, ८.१०

हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं घेवड्याचे दाणे काढले फळ्यावर. ती मुलगी आता बारावी होऊन गेली, तिच्या मैत्रिणीकडून नंबर मिळवतो.

---

त्रिमूर्तीनगरची मावशी | रविवार, १०.४०

तुमचं सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण बगळेभाऊ आणि डॉक्टरसाहेब, मला शुगर आहे बारा वर्षांपासून. आमच्या आई जेवल्यावर शतपावली करायला लावायच्या. आता मुलगा म्हणतो जेवणानंतर पंधरा मिनिटं चाल, मोबाइलमधे आलं आहे. शंभर पावलांनी स्नायूत असं काय होते?

---

स्टेथोस्कोप विकणे आहे | रविवार, १२.०५

मावशी, शंभर नाही, जरा जास्त चाला, पण आईंचं बरोबर होतं.

साखर स्नायूत आपोआप शिरत नाही, दार लागतं. त्या दाराचं नाव ग्लुट-४. एरवी ही दारं पेशीच्या आत बारीक पिशव्यांत ठेवलेली असतात, स्टँडवर उभे असलेले ऑटो समजा. जेवण झालं, इन्सुलिन आलं की पिशव्या पृष्ठभागाकडे निघतात, बगळेबुवांच्या त्या टी-नलिकांतही उतरतात, आणि दारं बसतात. तुमच्या आजारात स्नायू इन्सुलिनची हाक नीट ऐकत नाही. स्टँडवर ऑटो आहेत, हाक पोचत नाही.

पण स्नायू आकुंचन पावला की त्याच पिशव्या दुसऱ्याच हाकेनं निघतात. तिला इन्सुलिन लागत नाही. तुम्ही चालता तेव्हा पोटरीची आणि मांडीची दारं उघडतात. आत गेलेल्या साखरेवर लगेच फॉस्फेटचा शिक्का बसतो आणि ती परत रक्तात येऊ शकत नाही. शिक्का काढायचं एन्झाइम यकृताकडे आहे, स्नायूकडे नाही.

गोळ्या मात्र चालण्याच्या भरवशावर स्वतः कमी करू नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

---

त्रिमूर्तीनगरची मावशी | रविवार, १२.२०

नाही कमी करत. आज चालले अंगणात. ऊन आहे म्हणून आतच येरझारा घातल्या खरं म्हणजे.

---

गौळाऊ | रविवार, ६.५० सायंकाळी

डॉक्टर, आज मुद्दाम चढ चालत गेलो आणि उतार पळालो. आत्ता तर काही नाही.

---

सासर नागपूर | सोमवार, ८.१५ रात्री

अहवाल. मुलीनं काल स्वयंपाकघरात प्रयोग केला. चायना ग्रास उकळून ताटलीत ओतलं, घट्ट झाल्यावर मधोमध बारीक भोक पाडून जिलबीच्या रंगाचे दोन थेंब घातले. पट्टीनं मोजलं. पहिल्या तासाला रंगाच्या कडेपर्यंत ३ मिमी. दुसऱ्या तासाला ४ पेक्षा थोडं जास्त. ती म्हणाली, आई, हे थांबलं वाटतं. चौथ्या तासाला ६. मग तिनंच सांगितलं की चार तासांना दुप्पट म्हणजे नवव्या तासाला तिप्पट, ९ पाहिजे. रात्री साडेदहाला उठून मोजलं, ८ भरलं. खूप नाराज झाली.

---

फुटाळ्याचा बगळा | सोमवार, ८.५० रात्री

नाराज कशाला, हे उत्तम आहे! रंगाला धारदार कड नसते, जसजसा तो पसरतो तसतशी कड फिकी होत जाते आणि डोळा ती कमीच मोजतो. तिला सांगा, एकदम कडेला मोजू नको, रंग निम्मा फिका दिसतो तिथं पट्टी लाव, दर वेळी त्याच छटेला. आणि एक ताटली बाहेर, एक फ्रिजमध्ये ठेवून बघा. थंडीत धक्के मंदावतात, फरक दिसायला हवा.

---

गौळाऊ | मंगळवार, ६.२० सकाळी

डॉक्टर, पाय धरले. जिना उतरता येत नाहीये.

---

सासर नागपूर | मंगळवार, ९.४० रात्री

फ्रिजमधली चार तासांना ४ मिमी, बाहेरची ६. तिनं वहीत तक्ता काढलाय. बाहेरच्या ताटलीचं नवव्या तासाचं माप मिळालं नाही, सासूबाईंनी जेली समजून कापून वाटली.